सशाचे पिल्लू आणि सापाचे भक्ष्य

चैत्राच्या सुमारास वाराणसीच्या आसपासच्या खेड्यांत गव्हाची कापणी सुरू होते. कापणी विळ्याने होवो किंवा यंत्राने, उभे पीक जसजसे मागे हटत जाते तसतसे त्याच्या आश्रयाला असलेले प्राणी उघड्यावर येतात. घुशी आणि उंदीर, तित्तिर, मुंगूस, एखादी धामण, आणि क्वचित मुठीत मावेल एवढे सशाचे पिल्लू. हे पिल्लू पळत नाही. कान पाठीशी चिकटवून आणि डोळे सताड उघडे ठेवून ते मातीच्या ढेकळासारखे पडून राहते. कापणाऱ्यांबरोबर आलेला एखादा मुलगा ते उचलतो व घरच्या अंगणात आणून ठेवतो. तेथे त्याच्या भवितव्याविषयी बहुधा दोन मते पडतात. पिल्लू पोरके झाले आहे, त्याला दूध पाजून वाढवावे, असे एक मत. दुसरे मत अधिक व्यवहारी असते. पिल्लू जगणार तर नाहीच. मग गारुड्याच्या टोपलीतील किंवा कोणी पकडून ठेवलेल्या सापाला ते घालावे, म्हणजे निदान एका जिवाचे पोट तरी भरेल.

दोन्ही मतांच्या मुळाशी काही एक दयाबुद्धी आहे, हे मान्य करावयास हवे. परंतु पहिल्या मताला सशाची माहिती नाही आणि दुसऱ्या मताला सापाची. या प्रकरणात आपण या दोन प्राण्यांच्या आहाराचा एकत्र विचार करणार आहोत, कारण माणसाच्या अंगणात आल्यावर दोघांवरही ओढवणारे संकट आश्चर्यकारक रीतीने सारखे असते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर केला पाहिजे. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण शेतातील रानटी प्राण्यासाठी आणि पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या पांढऱ्या, तांबड्या डोळ्यांच्या प्राण्यासाठीही वापरतो. काशीच्या ब्रह्माघाट-दुर्गाघाट भागात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांच्या कानांवर मात्र आणखी एक शब्द पडलेला असतो. तो म्हणजे ‘खरहा’. शेतातील रानटी सशाला तेथील ग्रामीण लोक त्या नावाने ओळखतात. हा भेद केवळ बोलीचा नाही. पाळीव ससा हा मूळ युरोपातील, बिळे करून राहणाऱ्या जातीचा वंशज आहे. भारतात ती जात रानटी अवस्थेत आढळत नाही. आपल्या शेतांत आणि माळांवर दिसणारा ससा लेपस या निराळ्या प्रजातीचा आहे. शास्त्रीय भाषेत त्याला लेपस नायग्रिकोलिस, म्हणजे काळ्या मानेचा ससा म्हणतात. गंमत अशी, की दक्षिणेतील सशाच्या मानेवर हा काळा डाग स्पष्ट असतो, पण उत्तर भारतातील सशाच्या मानेवर तो नसतो; तेथे शेपटीची तांबूस छटा ही ओळखीची खूण. नाव दक्षिणेने दिले आणि ते उत्तरेलाही वागवावे लागले.

या दोन प्रकारच्या सशांमधील खरा फरक त्यांच्या पिल्लांत दिसून येतो. बिळात राहणाऱ्या सशाची मादी सुमारे एक महिन्याच्या गर्भावधीनंतर विते. तिची पिल्ले उघडीनागडी, आंधळी व सर्वस्वी परावलंबी असतात. मादी पोटावरची लव उपटून त्यांच्यासाठी उबदार अंथरूण करते. रानटी सशाचे सर्वच वेगळे. तो बीळ करीत नाही. गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंगाच्या आकाराचा एक उथळ खळगा दाबून त्यात तो दिवस घालवितो. त्याची मादी सुमारे सहा आठवडे गर्भ वाहते आणि बहुधा एक किंवा दोनच पिल्लांना जन्म देते. ही पिल्ले जन्मतःच केसाळ असतात, त्यांचे डोळे उघडे असतात, आणि काही वेळातच ती हालचाल करू लागतात. थोडक्यात, बिळाचे संरक्षण ज्याला नाही त्याला निसर्गाने आधीच तयार करून पाठविलेले असते.

आता या तयारीचे मर्म पाहू. सशाच्या मादीला दात-नख्यांचे बळ नाही; कोल्ह्याशी किंवा कुत्र्याशी ती झुंज देऊ शकत नाही. पिल्लांजवळ बसून राहिल्यास तिच्या अंगाचा वास शत्रूला वाट दाखवील. म्हणून ती दूर राहते. या प्रजातीच्या ज्या जातींचा, विशेषतः युरोपातील सशाचा, बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यांत असे आढळले आहे की मादी चोवीस तासांतून बहुधा एकदाच, सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत, पिल्लांकडे येते. दिवसभर एकमेकांपासून वेगवेगळी दडून बसलेली भावंडे त्या वेळी जन्मस्थळाजवळ गोळा होतात. मादी काही मिनिटे त्यांना पाजते आणि निघून जाते. पुन्हा दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत तिचा पत्ता नसतो. इतक्या अल्पकाळात पोट भरायचे तर दूधही तसेच हवे. सशाच्या दुधात स्निग्धांश गाईच्या दुधाच्या कितीतरी पट असतो.

म्हणजे भर दुपारी, एकटे, निश्चल पडलेले पिल्लू हे पोरकेपणाचे लक्षण नाही. तेच त्याचे निरोगीपण आहे. त्याची आई शेताच्या पलीकडील बांधाआड बसली असून अंधार पडण्याची वाट पाहत आहे, असे समजून चालणे बहुतेक वेळा बरोबर ठरते.

असाच गैरसमज दूर अमेरिकेतही दरवर्षी होतो. तेथे घरामागील हिरवळीत कॉटनटेल नावाचा रानटी ससा वावरतो. त्याची मादी उथळ खड्ड्यात लव आणि वाळके गवत घालून घरटे करते व तेथे आंधळी पिल्ले ठेवते. तीही पहाटे आणि संध्याकाळी तेवढी फिरकते. गवत कापताना घरटे उघडे पडले की घरमालक पिल्ले ‘वाचविण्यासाठी’ उचलतो. तेथील जाणकार अशा वेळी एक साधी युक्ती सांगतात. घरट्यावर बारीक काटक्या किंवा दोरे आडवेउभे ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावे. ते विसकटलेले असतील तर आई येऊन गेली. माणसाचा हात लागल्याने आई पिल्ले टाकते ही समजूत तिकडेही आहे आणि इकडेही. तिच्यात तथ्य थोडे आहे. हाताच्या वासापेक्षा, पिल्लाभोवती जमलेली माणसे आणि कुत्री ही आईच्या परतीच्या मार्गातील खरी अडचण असते.

अंगणात आणलेल्या पिल्लाचे पुढे काय होते? घरातील मंडळी कापसाची वात गाईच्या दुधात भिजवून ती त्याच्या तोंडात पिळतात. प्रेमाने केलेल्या या कृतीत दोन धोके असतात. गाईचे दूध त्याच्या आतड्याला मानवत नाही. अतिसार होऊन एक-दोन दिवसांत पिल्लू मलूल होते. आणि ज्या प्राण्याला वातीने दूध पिण्याची सवय नाही त्याच्या तोंडात ते पिळले असता काही भाग श्वासनलिकेत उतरतो व फुप्फुसाचा दाह होतो. शिवाय ससा हा भित्र्या प्रकृतीचा प्राणी आहे. मुलांचा गलका, हाताळणी आणि कुत्र्याचा वास यांच्या धक्क्यानेच पुष्कळ पिल्ले दगावतात; तेव्हा ती ‘काही न होताच मेली’ असे लोक म्हणतात.

उपाय कंटाळवाणा वाटावा इतका सोपा आहे. पिल्लू जेथे सापडले तेथेच, फार तर काही पावलांवरच्या गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला, त्याच दिवशी ठेवावे आणि माणसांनी व कुत्र्यांनी त्या जागेपासून दूर व्हावे. जखमी असेल तर वनखात्याला किंवा पशुवैद्याला कळवावे. भारतीय ससा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्या अधिनियमातील अनुसूचींची मांडणी बदलली तरी हे संरक्षण उठलेले नाही. त्याला घरी वाढविणे आणि सापाला घालणे या दोन्ही गोष्टी कायद्याच्या दृष्टीने एकाच बाजूला पडतात.

सापाचे दूध आणि सापाचे अन्न

येथून आपण सापाकडे वळू. आणि काशीत सापाकडे वळणे म्हणजे नागपंचमीकडे वळणे होय. श्रावण शुद्ध पंचमीला या नगरात सकाळपासून मुले नागाची रंगीत चित्रे विकत गल्ल्यांतून फिरतात. थोरल्या गुरूंचा आणि धाकट्या गुरूंचा नाग घ्या, अशी त्यांची आरोळी असते. हे दोन गुरू म्हणजे व्याकरणकार पाणिनी आणि पतंजली, असे तेथील जाणते लोक सांगतात. पतंजलींना शेषाचा अवतार मानले जाते, आणि जैतपुरा भागातील नागकुआँ या पायऱ्यांच्या प्राचीन कूपाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्या दिवशी तेथे यात्रा भरते व पंडितांची शास्त्रचर्चा होते. व्याकरणाच्या वादाला नागाच्या विहिरीचा काठ लाभावा, हे काशीतच शोभते. आखाड्यांतून कुस्त्या होतात. आणि गारुडी टोपल्या घेऊन दारोदार जातात. गृहिणी वाटीभर दूध पुढे ठेवते. टोपलीतील नाग त्यात तोंड बुडवितो. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा या गावीही जिवंत नागांच्या पूजेची अशीच मोठी प्रथा होती, व उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर तिच्यावर बंधने आली, हे मराठी वाचकास ठाऊक असेलच.

नाग दूध पितो, हे डोळ्यांनी पाहिलेले असल्यामुळे ते खोटे आहे असे कोणी सांगितल्यास लोकांना पटत नाही. पाहिलेले खोटे नाही. त्याचा अर्थ निराळा आहे. सणाआधी कित्येक दिवस सापाला पाण्यावाचून ठेवलेले असते. उन्हाळा नुकताच सरलेला, टोपली कोंदट, आणि अंगातील पाणी आटलेले. असा साप पुढे येईल त्या पातळ पदार्थात तोंड घालतो. सस्तन प्राणी नसल्याने दुधातील शर्करा पचविण्याची सोय त्याच्या आतड्यात नाही. त्याहून वाईट म्हणजे सापाच्या श्वासनलिकेचे तोंड खालच्या जबड्यात अगदी पुढे असते. भक्ष्य गिळताना श्वास कोंडू नये म्हणून निसर्गाने केलेली ही उत्तम योजना आहे. पण तोंड धरून दूध पाजले असता तीच घातक ठरते, कारण दूध सरळ फुप्फुसात जाते. नागाला कार्यक्षम फुप्फुस एकच, उजवे. ते दुधाने भरले की त्याच्यापाशी दुसरे नाही.

सशाच्या पिल्लाला वातीने पाजलेले दूध आणि नागाला वाटीतून पाजलेले दूध, दोन्हींचा शेवट एकाच अवयवात व्हावा, हा योगायोग असला तरी लक्षात ठेवण्यासारखा आहे.

मग साप खातो काय? सर्व साप मांसाहारी आहेत. वनस्पतिज आहार घेणारा एकही साप नाही. परंतु ‘मांसाहारी’ एवढे म्हटल्याने काहीच कळत नाही. दिवड बेडूक आणि मासे खाते. मण्यार इतर साप व सरडे-पाली खाते. नाग उंदीर, बेडूक, पक्षी आणि प्रसंगी दुसरे सापही खातो. धामण व घोणस यांचा भर मुख्यतः उंदरांवर असतो. अजगराला ससा चालतो, आणि विंध्याच्या टेकड्यांकडील जंगलात तो तसा खातही असेल. तेथे त्याला कोणी हरकत घेत नाही. उत्तर हिंदुस्थानात साप आणि छछुंदर यांची एक म्हण सर्वतोमुखी आहे. सापाच्या तोंडी चिचुंद्री आली तर त्याला ती गिळताही येत नाही व टाकताही येत नाही, असा तिचा भावार्थ. गिळल्यास साप आंधळा होतो ही पुस्ती काल्पनिक होय. चिचुंद्रीच्या अंगाला उग्र वासाच्या ग्रंथी असतात एवढे मात्र खरे. पण समोर ठेवाल ते प्रत्येक भक्ष्य सापाला चालत नाही, ही त्या म्हणीतील जाण शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. साप आपल्या शरीराची उष्णता अन्न जाळून निर्माण करीत नाही. ती त्याला उन्हातून व तापलेल्या जमिनीतून मिळते. म्हणून त्याला अन्न फार थोडे लागते. पिंजऱ्यातील वाढलेल्या नागाला आठ-दहा दिवसांत एक उंदीर पुरतो. मोठा अजगर भरपेट जेवणानंतर महिनोन्‌महिने राहू शकतो. याचीच दुसरी बाजू अशी, की पचनासाठी त्याला बाहेरची ऊब हवी. पौष-माघात वाराणसीचे किमान तापमान दहा अंशांच्या खाली उतरते. अशा दिवसांत, टोपलीतील थंड सापाच्या गळ्यात कोणी उंदीर कोंबलाच तर तो पोटात कुजू लागतो व साप तो ओकून टाकतो. हे ओकणे म्हणजे नुसते अन्न वाया जाणे नव्हे. त्यात त्याच्या अंगातील मोलाचे पाणी जाते आणि अन्ननलिका भाजून निघते. घरात निघालेला साप पकडून एक-दोन दिवसांत सोडून द्यावयाचा असेल, तर त्याला काहीही खाऊ घालण्याची गरज नाही. पिण्याचे पाणी ठेवावे, बस्स. भरल्या पोटी हाताळलेला साप हमखास ओकतो.

रानातील भक्ष्य आणि टोपलीतील साप

आता मुख्य प्रश्न. एखादा साप काही कारणाने दीर्घकाळ बंदिस्त ठेवावाच लागला, उदाहरणार्थ, जखमी अजगर प्राणिसंग्रहालयात किंवा विषसंकलनासाठी नाग एखाद्या संस्थेत, तर त्याला शेतात पकडलेला उंदीर, घूस, बेडूक किंवा सशाचे पिल्लू का घालू नये? विचारणारा म्हणतो, ‘निसर्गात साप हेच तर खातो!’ युक्तिवाद वरकरणी बिनतोड आहे, आणि त्याला गंभीरपणे उत्तर दिले पाहिजे.

रानातील प्रत्येक उंदीर, बेडूक व ससा हा इतर कित्येक जीवांचे घर असतो. ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली माहीत होती. बौद्ध जातककथांतील शशजातक वाराणसीशीच निगडित आहे. ब्रह्मदत्त राजा वाराणसीत राज्य करीत असताना बोधिसत्त्व सशाच्या जन्माला आला होता, असे ती कथा सांगते. अतिथीला देण्यासारखे आपल्यापाशी गवताखेरीज काही नाही, म्हणून त्या सशाने स्वतःचेच शरीर अग्नीत टाकण्याचे ठरविले. पण उडी घेण्यापूर्वी त्याने आपले अंग तीनदा झाडले. केसांतील उवा-पिसवांनी आपल्याबरोबर जळू नये म्हणून. अग्नीने त्याला जाळले नाही आणि शक्राने त्याची आकृती चंद्रावर रेखली, हा भाग सर्वांना आठवतो. चंद्राला शशांक आपण त्यावरूनच म्हणतो. अंग झाडण्याचा तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. माझ्या मते कथाकाराने रानटी ससा प्रत्यक्ष हातात घेतलेला असावा. ज्याने तसे केले आहे त्याला त्या तपशिलाची सत्यता पटण्यास वेळ लागत नाही.

बाहेरच्या या पाहुण्यांपेक्षा आतले अधिक महत्त्वाचे. काही परोपजीवींचे आयुष्यच उंदीर आणि साप या दोघांमध्ये वाटले गेलेले असते. सार्कोसिस्टिस या एकपेशीय जीवांच्या एका जातीचे उदाहरण घेऊ. अजगराच्या विष्ठेतून तिची बीजे बाहेर पडतात; ती लागलेले दाणे उंदीर खातो; त्याच्या स्नायूंत ती कोष करून राहतात; आणि असा उंदीर अजगराने खाल्ला की चक्र पुरे होते. पेंटास्टोमिडा या नावाने ओळखले जाणारे कृमिसदृश प्राणी असेच. पूर्ण वाढलेला कृमी सापाच्या फुप्फुसात रक्त पिऊन राहतो, त्याची अंडी सापाच्या विष्ठेतून उंदरात जातात व उंदराच्या अवयवांतील अळ्या पुन्हा सापात येतात. बेडकातून सापात जाणाऱ्या फीतकृमीच्या अळ्या हा तिसरा प्रकार. दिवडीला हौसेने बेडूक चारणाऱ्यांनी तो ध्यानी ठेवावा.

हे सर्व रानातही घडते. मग तेथील साप मरत का नाहीत? काही मरतात; आपल्याला दिसत नाहीत एवढेच. परंतु बहुतेक तग धरतात, आणि त्याचे कारण परोपजीवीच्या जातीत नसून सापाच्या परिस्थितीत आहे. मोकळा साप आजारी वाटू लागल्यावर ऊन शोधतो, सावली शोधतो, पाणी पितो, जागा बदलतो, आणि आपल्या विष्ठेपासून दूर निघून जातो. टोपलीतल्या सापाला यांपैकी काहीही करता येत नाही. तो आपल्याच घाणीवर बसलेला असतो. एका भक्ष्यातून आलेला रोग त्याच चार बोटे जागेत वाढत राहतो. भीती व गैरसोय यांनी त्याची प्रतिकारशक्ती खचलेली असते. रानात जो परोपजीवी केवळ भाडेकरू असतो तो टोपलीत मालक होऊन बसतो.

दुसरा धोका माणसाने निर्माण केलेला आहे. शेतातील व गोदामातील उंदरांसाठी आपण विषारी आमिषे टाकतो. झिंक फॉस्फाइड ही काळपट भुकटी पोटातील आम्लाशी संयोग पावली की फॉस्फीन हा विषारी वायू निर्माण होतो. मेलेल्या उंदराच्या पोटात तिचा अंश उरलेला असू शकतो. ब्रोमाडायोलोनसारखी द्रव्ये निराळ्या रीतीने काम करतात. ती रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट करतात आणि यकृतात दीर्घकाळ साठून राहतात. असे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मंद, गुंगलेला, दिवसाउजेडी उघड्यावर हिंडणारा होतो. नेमका असाच उंदीर मुलांच्या हाती सहज लागतो. येथे एक विलक्षण विरोध दृष्टीस पडतो. हाती लागणारे सशाचे पिल्लू बहुधा धडधाकट असते, कारण न पळणे हाच त्याचा स्वभाव आहे. हाती लागणारा उंदीर मात्र बहुधा बिघडलेला असतो, कारण पळणे हा त्याचा स्वभाव आहे. दोघेही पकडणाऱ्याला सारखेच ‘सोपे’ वाटतात.

पूर्व उत्तर प्रदेशात आणि बिहारात शेतातील घुशींची बिळे खणून त्यांतील साठविलेले धान्य व प्रसंगी घुशीही मिळवून पोट भरण्याची पाळी मुसहर समाजावर पूर्वापार आलेली आहे. त्या समाजाचे नावच उंदरावरून पडले आहे. त्यामुळे शेतात टाकलेल्या विषाचा प्रश्न केवळ सापाच्या जेवणापुरता आहे असे कोणी समजू नये.

तिसरा धोका दातांचा. आपल्या कल्पनेत साप नेहमी शिकारी असतो आणि उंदीर नेहमी शिकार. मोकळ्या जागेत, स्वतःच्या वेळी, साप दंश करून मागे सरतो व विष चढेपर्यंत वाट पाहतो. बंद पेटीत भुकेल्या नसलेल्या सापाजवळ जिवंत घूस सोडली, की काही तासांनी घूसच सापाला कुरतडू लागते. पाठीचा कणा उघडा पडेपर्यंत कुरतडलेले बंदिस्त साप पशुवैद्यांना पाहावे लागतात. गारुड्याच्या नागाची स्थिती तर याहून बिकट असते. त्याचे विषदंत तोडलेले असतात, बहुधा तोंड आतून चिघळलेले असते. ज्याच्या दंशात आता विष नाही, त्याच्यापुढे जिवंत रानउंदीर टाकणे म्हणजे त्या दोघांत कोण कोणाला खाईल हे दैवावर सोडणे होय. असा नाग सामान्यतः खातच नाही. श्रावणात पकडलेल्या नागांपैकी फारच थोडे पुढचा हंगाम पाहतात, याची कारणे या परिच्छेदात आणि दुधाच्या वाटीत मिळून सापडतात.

पकडणाऱ्याचा स्वतःचा धोकाही सांगितला पाहिजे. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसाला होतो. पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या वस्त्यांत त्याची भीती विशेष. अमेरिकेत रानटी ससे हाताळल्याने ट्युलेरीमिया नावाचा ज्वर होतो. १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ट्युलेअरी परगण्यात खारींमध्ये त्याचे जंतू प्रथम आढळले, म्हणून हे नाव.

म्हणूनच जेथे साप शास्त्रीय कारणासाठी ठेवले जातात तेथे भक्ष्यही पैदास करून वापरण्याची पद्धत रूढ झाली. मुंबईच्या परळ येथील ज्या प्रयोगशाळेची स्थापना १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी झाली आणि जिला १९२५ पासून हाफकिन यांचे नाव मिळाले, तिच्यासारख्या संस्थांमुळे सर्पविष व त्यावरील लस यांचा अभ्यास आपल्याकडे रुजला. पांढरे उंदीर आणि घुशीएवढे पांढरे रॅट हे अनुक्रमे घरउंदराचे व तपकिरी उंदराचे पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेत वाढलेले वंशज आहेत. त्यांनी शेत पाहिलेले नसते, विष चाखलेले नसते. ते वेदनारहित रीतीने मारून उणे अठरा अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. वापरण्यापूर्वी पूर्ण वितळवून, कोमट पाण्याने अंगाच्या उष्णतेइतके ऊबदार करून चिमट्याने सापापुढे धरतात. रानातील उंदीर गोठवून त्याच रीतीने का वापरू नये, असे कोणी विचारील. थंडीने काही कृमी मरतात, पण पुष्कळसे जंतू मरत नाहीत. आणि विषावर तर थंडीचा काहीच परिणाम होत नाही.

अर्थात ही सर्व व्यवस्था प्राणिसंग्रहालये व अधिकृत संस्था यांच्यासाठी आहे. नाग, धामण, घोणस, अजगर यांना पकडणे, जवळ बाळगणे वा त्यांचा खेळ करणे परवानगीवाचून कोणालाही करता येत नाही, आणि १९७२ च्या ज्या अधिनियमाने हे ठरविले त्यानेच मुळात उंदरांना ‘हानिकारक’ प्राण्यांच्या यादीत घातले होते. ती स्वतंत्र यादी २०२२ च्या दुरुस्तीत राहिली नाही. उंदराला खाणारा संरक्षित आणि उंदीर हानिकारक, ही मांडणी पन्नास वर्षे टिकली. पण उंदीर मारण्यासाठी टाकलेले विष त्याला खाणाऱ्यापर्यंत पोहोचते, याचा विचार तीत नव्हता. बेडकांच्या बाबतीत असा विचार थोडा लवकर झाला. त्यांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद करण्यात आली, आणि त्यामागे शेतातील कीटकांचा हिशेब होता.

राहता राहिले कापणीच्या वेळचे सशाचे पिल्लू. शेताच्या कडांपासून सुरुवात करून आत आत येणारी कापणी सर्व प्राण्यांना मधल्या शेवटच्या पट्ट्यात कोंडते. तेथे ते यंत्राखाली तरी सापडतात किंवा कुत्र्यांच्या तोंडी तरी जातात. म्हणून परदेशांतील शेतकऱ्यांना मध्यापासून बाहेरच्या बाजूस कापत येण्याचा सल्ला दिला जातो. आपल्याकडील लहान तुकड्यांच्या शेतीत यंत्र मध्यावर नेणे नेहमी शक्य नसते. तेथे एका बाजूने सुरुवात करून उलट्या बाजूच्या बांधाकडे, जेथे झुडूप किंवा शेजारचे न कापलेले शेत असेल तिकडे, कापत जावे, आणि शेवटच्या दोन-चार ओळी संध्याकाळनंतर, शक्य असल्यास दुसऱ्या सकाळी घ्याव्यात. मोठी जनावरे त्या अवधीत निघून जातात. पिल्लाला अंधार पडल्यावर आई शोधते.